व्हेंडिंग मशीनचा डिस्प्ले कोरा पडतो तेव्हा

व्हेंडिंग मशीनचा डिस्प्ले कोरा पडला की निरोप येतो तो हमखास ‘डिस्प्ले गेलाय, नवीन घेऊन या’ असा. प्रत्यक्षात डिस्प्ले स्वतः खराब निघणं हा त्यातला लहान भाग. बहुतेक वेळा त्याच्यापर्यंत पाच व्होल्ट पोचतच नसतात, नाहीतर पोचतात पण काय दाखवायचं हे सांगणारा कंट्रोल बोर्डच बंद असतो. म्हणून आम्ही भिंतीतल्या सॉकेटपासून निघतो, वीज कुठल्या टप्प्यावर हरवते ते मीटरने (मल्टिमीटरने) पाहत पुढे सरकतो आणि डिस्प्लेला हात शेवटी लावतो. खाली लिहिलंय ते मुख्यतः स्पायरलवर (फिरून माल पुढे ढकलणाऱ्या तारेच्या वेटोळ्यावर) माल लावलेल्या, आत ट्रान्सफॉर्मर आणि एक कंट्रोल बोर्ड असलेल्या नेहमीच्या मशीनबद्दल. टचस्क्रीनवाल्या मशीनचं गणित थोडं वेगळं आहे, ते नंतर येईल.

दार उघडण्याआधी मशीनसमोर उभं राहून नीट बघायचं आणि ऐकायचं. आतला दिवा लागलाय का, कॉम्प्रेसरचा किंवा पंख्याचा आवाज येतोय का, कार्ड रीडरचा छोटा पडदा चालू आहे का, बटण दाबल्यावर बीप येतो का. मग दोन-तीन चांगली नाणी टाकून बघायची. कंट्रोल बोर्डाने परवानगी दिल्याशिवाय कॉइन मेक, म्हणजे नाणी ओळखून घेणारी यंत्रणा, नाणं घेत नाही. परवानगी नसेल तर प्रत्येक नाणं सरळ खालच्या वाटीत परत पडतं. म्हणजे नाणं आत राहिलं तर बोर्ड जिवंत आहे आणि डिस्प्ले, त्याची केबल, मधले कनेक्टर एवढंच तपासायचं उरतं. सगळी नाणी परत आली तर पुरवठ्याकडे आणि बोर्डाकडे वळायचं. नोट रीडरचंही तसंच: तोंडाशी पळणारे दिवे चालू असले तर बहुतेक मशीनमध्ये बोर्डानेच त्याला कामाला लावलेलं असतं. या चाचणीला ना स्क्रू ड्रायव्हर लागतो ना मीटर, तरी बरेच लोक ती करत नाहीत आणि तासभर फ्यूज शोधत बसतात.

दिवा आणि कॉम्प्रेसर यांचा अर्थ जरा सांभाळून लावावा लागतो. ट्यूबलाइट असलेल्या जुन्या मशीनमध्ये दोन्ही थेट मेन्सवर, म्हणजे सॉकेटमधून येणाऱ्या विजेवर, चालतात. तिथे दिवा आणि कॉम्प्रेसर चालू पण डिस्प्ले कोरा असेल तर सॉकेट, कॉर्ड आणि मुख्य फ्यूज ठीक आहेत. दोष ट्रान्सफॉर्मरपासून पुढे. नव्या मशीनमध्ये एलईडी पट्ट्या बऱ्याचदा २४ व्होल्टवर असतात, कधी कॉम्प्रेसरचा रिलेही बोर्डच चालवतो. तिथे सगळं एकदम गप्प झालं म्हणून मेन्सच गेला असं समजता येत नाही.

सॉकेटवर दुसरं एखादं उपकरण लावून बघणं ठीक, पण मीटर लावणं उत्तम. आकडा ठरलेल्या व्होल्टेजपेक्षा दहा टक्के कमी ते दहा टक्के जास्त एवढ्यात हवा: २३० व्होल्टच्या पुरवठ्यात २०७ ते २५३, १२० व्होल्टमध्ये १०८ ते १३२. हा आकडा मशीन चालू असताना घ्यायचा, आणि जमलं तर कॉम्प्रेसर सुरू होतो नेमक्या त्या क्षणी. लांब, बारीक एक्स्टेन्शनवर लावलेल्या मशीनमध्ये कॉम्प्रेसर सुरू होताना व्होल्टेज इतकं कोसळतं की बोर्ड रीसेट होतो. डिस्प्ले जातो-येतो, आणि काही बोर्ड अशा झटक्यानंतर पुन्हा उठतच नाहीत. मशीनला स्वतःचं सॉकेट आणि नीट अर्थिंग हवं, एक्स्टेन्शन नको. अर्थ लीकेज ब्रेकर पडलेला असेल तर तो नुसता वर करून निघून जाऊ नका. कॉम्प्रेसर, हीटर आणि दिवे एकेक सुटे करून कोणामुळे पडतो ते बघा. प्लग आणि सॉकेट यांच्यामध्ये टायमर किंवा माणूस समोर आल्यावरच पुरवठा देणारी वीजबचतीची डबी आहे का, हेही एकदा पाहून घ्यायचं. काही मशीनच्या सेटिंगमध्येच रात्रीची झोप असते. त्यात कसलाही बिघाड नसताना पडदा काळा दिसतो आणि बटण दाबलं की जागा होतो.

दार उघडल्यावर सगळ्यात आधी डोअर स्विच. कॉफी-चहाच्या मशीनमध्ये दार उघडताच सुरक्षेसाठी आतला पुरवठा तुटतो. स्विचच्या खाचेत प्लॅस्टिकची सर्व्हिस चावी घातली की तो परत येतो. ही गोष्ट माहीत नसेल तर माणूस उघड्या दाराच्या मशीनवर मीटर लावत बसतो आणि सगळीकडे शून्य मिळालं म्हणून बोर्ड बाद ठरवतो. उलटा प्रकारही नेहमीचा: दार वर्षानुवर्षं उघड-बंद होऊन थोडं खाली झुकतं, त्यावरचा खुंटा स्विचपर्यंत पोचत नाही आणि बंद दाराचं मशीन मेलेलं दिसतं. चावी घालून मशीन जिवंत झालं आणि चावी काढून दार लावल्यावर पुन्हा मेलं, की खुंट्याची किंवा बिजागरीची उंची जुळवायची. काम तेवढंच.

आता मीटर आत जाणार, त्याआधी दोन सूचना. मशीनमध्ये मुख्य स्विच असला तरी कनेक्टर काढताना-घालताना प्लगच ओढून ठेवायचा. स्विच बंद असला तरी त्याच्या अलीकडचे टोक आणि नॉइज फिल्टर यांवर मेन्स असतोच. दुसरं, आत ट्रान्सफॉर्मरऐवजी एसएमपीएस (मेन्सपासून डीसी देणारी बंद पेटी) असेल तर २३० व्होल्टवर त्याच्या प्रायमरी, म्हणजे मेन्सकडच्या, बाजूच्या कॅपॅसिटरवर सव्वातीनशेच्या आसपास डीसी व्होल्ट साठलेले असतात आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ राहतात. ती पेटी उघडायची नाही, बाहेरच्या टोकांवर मोजायचं. बोर्ड हाताळताना मनगटाला अँटिस्टॅटिक पट्टा बांधायचा, नसेल तर निदान मशीनच्या उघड्या लोखंडाला हात लावून मगच बोर्डाला.

थंड पेयांच्या मशीनमध्ये आणखी एक काम आधीच उरकावं: कॉम्प्रेसरचा प्लग काढून ठेवणं. तपासणीत मशीन अनेकदा बंद-चालू होतं. बंद केल्यावर लगेच चालू केलं तर आतला गॅसचा दाब समान झालेला नसतो, कॉम्प्रेसर नुसता घुरघुरतो आणि त्याला वाचवणारा ओव्हरलोड स्विच पडतो. एरवी दर वेळी पाच मिनिटं थांबावं लागलं असतं.

कंट्रोल बोर्डावर बहुधा एक बारीक एलईडी असतो, साधारण सेकंदाला एकदा लुकलुकणारा. बोर्डाचा प्रोसेसर चालतोय याची ती खूण. लुकलुकत असेल आणि डिस्प्ले कोरा, तर केबल आणि डिस्प्ले बघा. न लुकलुकता स्थिर जळत असेल तर वीज आहे पण प्रोग्राम अडकलाय. मंद, थरथरता असेल तर पुरवठा ओढला जातोय. अजिबात नसेल तर मागच्या टप्प्यांकडे चला. बोर्डावर पाच व्होल्टचा वेगळा एलईडी असला तर आणखी सोपं. मात्र तो एलईडी तीन-साडेतीन व्होल्टवरही जळतो. ‘लाइट आहे म्हणजे पाच व्होल्ट आहेत’ असं धरून चालू नये, मीटर लावावा.

इथे आम्ही फ्यूजकडे जाण्याआधी लोड, म्हणजे वीज घेणारी जोडलेली उपकरणं, सुटे करतो. ही पायरी सगळ्यात कमी केली जाते आणि सगळ्यात जास्त वेळ वाचवते. कॉइन मेक, नोट रीडर आणि कार्ड रीडर एकाच एमडीबी हार्नेसवर (पैशांची उपकरणं बोर्डाला जोडणाऱ्या प्रमाणित तारांच्या जुडग्यावर) एकामागोमाग जोडलेले असतात आणि एकाच तारेवरून वीज घेतात. त्यातला कुठलाही एक आतून शॉर्ट झाला की तो सगळ्यांची वीज खाली ओढतो, त्यात बोर्डही बसतो, आणि दिसतो मात्र कोरा डिस्प्ले. मशीन बंद करायचं, हे तिन्ही काढायचे, त्याचबरोबर स्पायरल मोटरचा मोठा कनेक्टर आणि एलईडी पट्टीचाही. बोर्डाला फक्त पुरवठा आणि डिस्प्ले ठेवून मशीन चालू करायचं. डिस्प्लेवर काहीही उमटलं, अगदी ‘कॉइन मेक सापडत नाही’ अशी तक्रार उमटली तरी, बोर्ड आणि डिस्प्ले दोन्ही निर्दोष. मग मशीन बंद, एक उपकरण जोडा, चालू. पुन्हा बंद, दुसरं जोडा. जे जोडल्यावर डिस्प्ले जातो तो चोर. चालू मशीनमध्ये एमडीबीचा कनेक्टर काढू-घालू नका. कधी काही होत नाही, आणि कधी त्याच क्षणी चांगल्या बोर्डाचा पोर्ट जातो.

संशयित उपकरण आणखी जवळून बघायचं असेल तर त्याचा सहा पिनांचा एमडीबी कनेक्टर हातात घ्या. पिन १ वर वीज येते, पिन २ तिची परतीची वाट, पिन ३ रिकामी, ४ आणि ५ वर संदेश जातात-येतात, ६ त्यांची सामाईक तार. उपकरण सुटं असताना मीटर ओहमवर ठेवून पिन १ आणि २ वर टोकं लावायची. सुरुवातीला आकडा अगदी खाली दिसतो, कधी बीपही वाजतो, पण मग तो हळूहळू चढत जातो. आतला कॅपॅसिटर मीटरच्या बॅटरीवर भरत असतो. हे निरोगी लक्षण. आकडा शून्याजवळ चिकटून राहिला, टोकं उलटी लावूनही हलला नाही, तर आत शॉर्ट आहे. नोट रीडर आणि कॉइन मेक यांत हे घडण्याचं एक नेहमीचं कारण म्हणजे फटीतून गेलेलं गोड पेय. काही महाभाग तर पैसे बाहेर पडतील या आशेने मिठाचं पाणी ओततात. पैसे मिळोत न मिळोत, बोर्डाच्या पायांवर हिरवा थर मात्र नक्की चढतो.

सगळे लोड काढूनही डिस्प्ले कोराच, तर मग पुरवठ्याची साखळी. फ्यूजपासून सुरुवात. काचेचा फ्यूज डोळ्यांनी तपासू नये. तार टोपीच्या आत, टोकाशी तुटलेली असली तर बाहेरून अख्खी दिसते. तो होल्डरमधून काढून मीटरच्या कंटिन्युटीवर (तार अखंड असली की बीप देणाऱ्या सेटिंगवर) मोजायचा. होल्डरमध्ये ठेवूनच मोजला तर वीज ट्रान्सफॉर्मरच्या गुंडाळीतून फिरून येते आणि उडालेला फ्यूजही चांगला वाटतो. नवा घालताना अँपिअर, व्होल्टेज आणि प्रकार तिन्ही तेच हवेत. ट्रान्सफॉर्मरच्या आधीचा फ्यूज सहसा सावकाश उडणारा असतो, त्यावर ‘टी’ हे अक्षर असतं. तिथे झटकन उडणारा घातला तर मशीन चालू करताना येणाऱ्या पहिल्या लोंढ्यातच तो जाईल आणि नसलेला शॉर्ट शोधत बसावं लागेल. जास्त अँपिअरचा फ्यूज किंवा चंदेरी कागद गुंडाळणं म्हणजे पुढच्या वेळी ट्रान्सफॉर्मर जाळण्याची सोय.

फ्यूज काळा पडून, काचेवर धातूचा आरसा उमटून उडाला असेल तर पुढे सरळ शॉर्ट आहे. दुसरा लगेच घालू नका. तार मधोमध नुसती वितळून तुटली असेल तर जास्तीचा भार किंवा फ्यूजचं वय. शॉर्टची शंका असेल तर आम्ही ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीला मालिकेत साधा, तापणाऱ्या तारेचा ६० किंवा १०० वॉटचा बल्ब लावतो. कॉम्प्रेसर आणि हीटर आधी सुटे केलेलेच असायला हवेत. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला किंवा विझला तर मोठा शॉर्ट नाही. पूर्ण तेजाने जळत राहिला तर आहे, आणि फ्यूज फुकट जात नाहीत. मग सेकंडरीची, म्हणजे बोर्डाकडे जाणाऱ्या बाजूची, तार सुटी करायची: तेज गेलं तर शॉर्ट पुढे ब्रिज (एसीचं डीसी करणारे चार डायोड) किंवा बोर्डात, तसंच राहिलं तर ट्रान्सफॉर्मरच गेला. ही युक्ती ट्रान्सफॉर्मरसाठी; एसएमपीएस मालिकेतल्या बल्बवर नीट वागत नाही आणि भलतेच निष्कर्ष देतो.

ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीवर बहुतेक मशीनमध्ये २४ व्होल्ट एसी हवेत. लोड काढलेला असला की २६-२७ दिसतात, त्यात वावगं काही नाही. शून्य असतील आणि प्रायमरीवर मेन्स पोचत असेल तर प्लग काढून, प्रायमरीच्या तारा सुट्या करून रोध मोजायचा. काही ओहमपासून काही दहा ओहमपर्यंत आकडा आला तर गुंडाळी शाबूत. अनंत आला तर बहुधा गुंडाळीच्या आत गाडलेला थर्मल फ्यूज गेलाय. तो एकदा गेला की परत जुळत नाही. ट्रान्सफॉर्मर बदलायचा, पण तो तापला कशाने हे आधी शोधायचं.

हे २४ व्होल्ट एसी ब्रिजमधून गेले आणि कॅपॅसिटरवर साठले की १.४१४ ने गुणले जातात. त्यातून दोन डायोडचे मिळून दीडेक व्होल्ट वजा करा: ३२ ते ३४ व्होल्ट डीसी. एमडीबी उपकरणांना लागणारे ३४ व्होल्ट येतात ते इथूनच, आणि ती २० ते ४२.५ च्या पट्ट्यात चालायला बनवलेली असतात. म्हणून ३० दिसले तरी बिघाड म्हणायचं कारण नाही. १५-१६ दिसले तर मात्र ब्रिजमधला एखादा डायोड उघडा पडलाय, किंवा फिल्टर कॅपॅसिटर सुकलाय, किंवा कोणीतरी वीज ओढतंय. सुकलेल्या कॅपॅसिटरची ओळख: मीटर त्याच टोकांवर एसीवर ठेवायचा. लोड असताना एखाद-दोन व्होल्टची लहर चालते, त्याहून बरीच जास्त असेल तर कॅपॅसिटर बदला. वरची टोपी फुगली असेल किंवा खाली तपकिरी डाग असेल तर मोजायचीही गरज नाही. बदलताना मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा जास्त, तापमान १०५ अंशाचं. ब्रिज डायोड मोडवर तपासायचा: प्रत्येक डायोड एका दिशेने ०.५ ते ०.७, उलट दिशेने काहीच नाही.

एसएमपीएसवाल्या मशीनमध्ये पेटीतून टिक्-टिक् आवाज येतो आणि त्याचा हिरवा एलईडी त्या तालावर लुकलुकतो तेव्हा पेटी खराब आहे असं समजून ती बदलली जाते. पण बहुधा ती स्वतःला वाचवत असते आणि पुढे कुठेतरी शॉर्ट असतो. बाहेरच्या तारा काढल्यावर टिकटिक थांबून पूर्ण २४ व्होल्ट आले तर पेटी चांगली.

पाच व्होल्ट तयार होतात बोर्डावर. मोजायचे डिस्प्लेच्या कनेक्टरवर, कारण महत्त्व तिथे पोचणाऱ्या व्होल्टचं आहे. ४.७५ ते ५.२५ ठीक. बोर्डावर पाच आणि डिस्प्लेच्या टोकाला चार असतील तर केबल किंवा कनेक्टर वाटेत खातोय. दोन्हीकडे दोन-तीन असतील तर डिस्प्लेची केबल काढून पुन्हा बोर्डावर मोजा: पाचावर उसळी मारली तर डिस्प्ले शॉर्ट, तिथेच राहिले तर बोर्डाचा रेग्युलेटर (पाच व्होल्ट तयार करणारा भाग) किंवा बोर्डावरचं दुसरं काही. अशा वेळी रेग्युलेटर चटका बसेल इतका तापलेला असतो, बोट जपून.

आता केबल. मशीनची बरीचशी अक्कल दारात असते आणि वीज कपाटात. या दोघांमधला हार्नेस बिजागरीजवळून वळण घेत जातो आणि माल भरायला दार जितक्या वेळा उघडतं तितक्या वेळा वाकतो. तार तिथेच तुटते. आवरण शाबूत राहतं, आतलं तांबं तुटतं. दार उघडं असताना तुटलेली टोकं टेकलेली असतात आणि डिस्प्ले छान चालतो; दार लावलं की वळण बदलतं, टोकं सुटतात, पडदा कोरा. तंत्रज्ञ आला, दार उघडलं, सगळं चालू. गेला की पुन्हा बंद, ही कथा ऐकू आली की थेट बिजागरीकडे जावं. एका हाताने डिस्प्लेकडे नजर राहील असं दार अर्धवट लोटायचं आणि दुसऱ्या हाताने हार्नेस वळणाच्या आधी, वळणावर आणि नंतर असा बोटभर अंतराने हलवत जायचं. लुकलुक झाली ती जागा टेपने खूण करून ठेवायची. मग मशीन बंद करून त्या तारेची एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत कंटिन्युटी घ्यायची, तीही दार हलवत. बीप मध्येच तुटला की सापडलं. तार हलकेच ओढल्यावर आवरण लांबलं तर आत तांबं नाही. दुरुस्तीचा सांधा वळणावर घालू नका, तो आठवड्यात तुटेल. वळणाच्या दोन्ही बाजूंना सरळ भागात सांधा घेऊन मधली तार नवी, बारीक अनेक धाग्यांची घाला. हार्नेस फार ताणून बांधलेला असेल तर थोडा ढिला सोडा.

चपट्या रिबन केबलची लाल कड म्हणजे पिन १. काही कनेक्टरना खाच नसते, उलटा बसतो आणि चालू करताच डिस्प्ले आणि कधी बोर्डही घेऊन जातो. काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढणं हा त्यावरचा सर्वांत स्वस्त विमा. कनेक्टर काळवंडला असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, वाळू देऊन, दोन-तीनदा घाल-काढ करायची. थंड मशीनच्या बोर्डावर दमटपणा साचून हे फार होतं.

इथवर सगळं नीट निघालं तरच डिस्प्ले. तो कुठल्या जातीचा आहे त्यावर तपासणी ठरते. एलसीडी असेल तर टॉर्च तिरपा धरा. पुसट अक्षरं दिसली तर बॅकलाइट गेलाय, बाकी सगळं चालू आहे. बॅकलाइट आहे पण अक्षरं नाहीत, तर मागचा कॉन्ट्रास्टचा छोटा पॉट (फिरवायचा स्क्रू) हळू फिरवून बघा. वरच्या ओळीत नुसते भरीव चौकोन दिसले तर त्याला वीज मिळतेय पण बोर्डाकडून सुरुवातीची सूचना आलेली नाही; नवा लावला तरी तेच चौकोन दिसतील.

हिरव्या-निळ्या उजेडाचा व्हीएफडी (काचेच्या निर्वात नळीचा, स्वतः उजळणारा डिस्प्ले) असेल तर खोलीत अंधार करून किंवा डोक्यावरून कापड घेऊन काचेत बघायचं. केसाएवढ्या आडव्या तारा अगदी मंद लालसर दिसल्या तर फिलामेंट चालू आहे. काचेच्या कोपऱ्यात एक चंदेरी, आरशासारखा डाग असतो, तो चंदेरी आहे तोवर आतली निर्वात पोकळी टिकून आहे. तो दुधासारखा पांढरा झाला असेल तर काचेला तडा गेलाय, हवा शिरली, डिस्प्ले संपला. तो निकाल देण्यासाठी मीटरही लागत नाही. व्हीएफडीचं वय झालं की तो एकाएकी जात नाही, महिनोन्‌महिने फिका होत जातो. म्हणून काल लख्ख होता आणि आज पूर्ण काळा, असं असेल तर म्हातारपणाला दोष देऊ नये. त्याच्या मागच्या पट्टीवर पाच व्होल्टपेक्षा बरेच जास्त व्होल्ट तयार होतात, चालू असताना बोटं लांब.

बोर्डावर संशय स्थिर झालाच तर तो बदलण्याआधी आणखी थोडं. जुन्या बोर्डांवरची प्रोग्रामची चिप सॉकेटमध्ये बसवलेली असते, कंपाने वर येते. बंद मशीनमध्ये ती हलकेच दाबा. मेमरीची बॅटरी उतरली असेल तर सेटिंगमध्ये कचरा भरतो आणि प्रोग्राम सुरुवातीलाच अडकतो. अशा वेळी त्या मॉडेलच्या पुस्तिकेत दिल्याप्रमाणे मेमरी रीसेट करायची. त्यात किमती, स्पायरलची मांडणी, कॉफी मशीन असेल तर पाण्या-पावडरची मापं सगळं पुसलं जातं, म्हणून आधीची नोंद कागदावर हवी. बोर्ड पालथा करून बघा: ऊब असते म्हणून झुरळं तिथे वस्ती करतात आणि त्यांच्या घाणीने पाय एकमेकांना जोडले जातात. ब्रश आणि अल्कोहोलने साफ केलेले बोर्ड पुन्हा चालू लागतात. एखादं बटण आत अडकून दाबलेलं राहिलं तरी काही बोर्ड सुरू होताना थांबतात. कीपॅडची केबल काढून एकदा चालू करून बघणं फुकट आहे.

टचस्क्रीन मशीनमध्ये पडद्यामागे वेगळा कॉम्प्युटर असतो आणि मोटर, पैसे सांभाळणारा कंट्रोलर निराळा. पडदा काळा असताना बोट लावल्यावर आवाज आला तर कॉम्प्युटर चालू आहे. पडद्याचा पुरवठा, बॅकलाइट आणि चपटी केबल बघा. टॉर्चची चाचणी इथेही चालते. आवाज नसेल तर कॉम्प्युटरचे १२ व्होल्ट मोजा, मग मशीनचा प्लग काढून मिनिटभराने परत लावा. कंपनीचं चिन्ह येऊन तिथेच अडकत असेल तर दोष विजेचा नाही, साठवणीतला प्रोग्राम बिघडलाय, आणि तिथे मीटरचं काम संपतं.

दुरुस्तीनंतर सगळी उपकरणं जोडून, कॉम्प्रेसरचा प्लग परत लावून, दार दहा-बारा वेळा उघड-बंद करायचं आणि मग बंद दाराने नाणं, नोट आणि कार्ड अशा तिन्ही मार्गांनी एकेक वस्तू काढून बघायची. कॉम्प्रेसर सुरू होतानाही डिस्प्ले टिकतो का ते पाहिल्याशिवाय निघायचं नाही. सेकंडरीचे एसी, ब्रिजनंतरचे डीसी आणि डिस्प्लेवरचे पाच व्होल्ट, हे तीन आकडे तारखेसह दाराच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवायचे, शेजारी फ्यूजचं नेमकं माप.